आमेनशिवाय घास नाही

नळकाकांकडे जेवायला जायचं असेल तर आधी घरून थोडं खाऊन निघावं, असं त्यांच्या गल्लीत सगळे एकमेकांना सांगत. अन्न कमी पडायचं म्हणून नव्हे. काकूंच्या हाताला चव होती आणि पातेल्याला जणू तळच नव्हता. अडचण वेगळीच होती. ताट समोर आल्यापासून पहिला घास तोंडात जाईपर्यंत मध्ये नळकाकांची प्रार्थना असायची, आणि ती कुठं संपते हे एक परमेश्वर सोडला तर कुणालाच सांगता येत नसे.

काका धंद्यानं प्लंबर. उभा जन्म लोकांच्या मोऱ्यांत, बेसिनखाली आणि गच्चीवरच्या टाक्यांत गेलेला. निम्म्या गिऱ्हाइकांना त्यांचं तोंड ओळखू येत नसे, पाय ओळखू येत, कारण बेसिनखालून तेवढेच बाहेर दिसायचे. अशा माणसानं देवाचे उपकार थोडक्यात मानावेत तरी कसे? आपण नळ फिरवतो आणि पाणी येतं, झालं. पण तो एक पेला टेबलावर यायचा तर वाटेत किती सांधे धड राहावे लागतात, किती वॉशर रात्रंदिवस निमूटपणे जागेवर बसून असतात, हे काकांना पाठ होतं. मग ते डोळे मिटून सुरुवात करत.

“देवबापा, ह्या भाताबद्दल तुझे उपकार. तांदूळ पिकवणाऱ्याबद्दल उपकार, पोतं उचलणाऱ्या हमालाबद्दल आणि त्याच्या पाठीबद्दल उपकार. ह्या पातेल्याच्या कानाबद्दल उपकार. तो निखळला होता, मी बसवला, पण ती अक्कल तुझीच. शेजारच्या बाईंनी दोन कांदे दिले, त्यांच्याबद्दल उपकार, आणि त्यांना ते परत मागायची बुद्धी होऊ नये...”

अशी ती प्रार्थना मुख्य लाइनपासून निघून एकेका फाट्यात शिरत जाई. काकूंनी संसारात एक युक्ती शोधून काढली होती. रस्सा चुलीवरच ठेवायचा. काका शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत पोचले की आच बंद करायची आणि आजाऱ्यांपर्यंत पोचले की वाढायला घ्यायचं. मग आमेनच्या वेळी रस्सा नेमका तोंडाला सोसेल इतका गरम असे.

जावई पहिल्यांदा जेवायला आला तेव्हाची गोष्ट तर चर्चमधल्या निम्म्या मंडळींना ठाऊक आहे. जावई म्हणजे कपाटाएवढा माणूस, सामानाची व्हॅन चालवणारा, आणि भूकही व्हॅनच्याच मापाची. काका श्वास घ्यायला थांबले तेव्हा त्यानं ताटाला हात घातला. मागे घ्यावा लागला. काकांना शिंक आली तेव्हा पुन्हा घातला. शेवटी खरोखरच आमेन झालं तेव्हा बिचारा डोळे मिटून तसाच बसून राहिला. त्याचा कशावरच विश्वास उरला नव्हता.

आणि घरात एक नियम होता. प्रार्थना संपली की टेबलावरच्या प्रत्येकानं मोठ्यानं आमेन म्हणायचं. मनातल्या मनात म्हटलेलं चालत नसे. जो म्हणणार नाही त्याला घास नाही. लेक लहान असताना एकदा रुसून बसली आणि आमेन म्हणेना, तर तिचं ताट झाकून ठेवलं गेलं आणि शेवटी तिनं बाहुलीच्या तोंडून आमेन म्हटलं. त्यावर काकांनी बराच विचार केला आणि बाहुलीला जेवायची परवानगी दिली. काकू मध्ये पडल्या म्हणून लेकीचंही भागलं. चहाला मात्र प्रार्थना लागत नसे. चहा हे जेवण नव्हे, असा निकाल काकांनीच दिला होता, कारण थंड चहा त्यांना स्वतःला चालत नसे.

असा हा बोलका, तरतरीत गळा. दुखणं नेमकं तिथंच येऊन बसलं.

आधी पाव अडकायला लागला. काकांनी स्वतःच निदान केलं. “लाइन चोक आहे. गरम पाणी सोडलं की सुटेल.” गरम पाणी सोडलं. पाव सोडला. मग भात अडकायला लागला, मग पेज, आणि एके दिवशी पाण्याचा घोटसुद्धा वाटेतून परत आला. काकूंनी त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या इस्पितळात. अन्ननलिकेत गाठ होती, आणि ती साधी गाठ नव्हती. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. आधी औषधं आणि किरणं द्यायची, गाठ आटते का बघायचं, मग पुढचं. तोपर्यंत तोंडानं काही जाणार नाही. पोटाला छोटं छिद्र पाडून नळी बसवायची आणि अन्न तिथून द्यायचं.

काका चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे बायपास लाइन.”

“तसंच,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“सांधा कुठला वापरता?”

काकूंनी टेबलाखालून त्यांना कोपर मारलं. एरवी त्या हसून मारत. त्या दिवशी त्या हसल्या नव्हत्या, पण काकांचं लक्ष चित्राकडे होतं.

नळी बसली. डब्यातली पावडर पाण्यात कालवून बाटलीत भरायची, बाटली उंच टांगायची, आणि ते दुधासारखं पाणी थेंब थेंब पोटात उतरायचं. इस्पितळातल्या पहिल्या बाटलीलाच काकांनी डोळे मिटले आणि सुरू झाले. पावडर करणाऱ्यांबद्दल उपकार, नळी बनवणाऱ्या कारखान्याबद्दल उपकार, छिद्र पाडणाऱ्या हाताबद्दल उपकार. सिस्टर बाटली हातात धरून ताटकळली.

“काका, देवाला नळी माहीत आहे. थोडक्यात आटपा ना. पलीकडचे आजोबा उपाशी आहेत.”

“देवबापा, पलीकडच्या आजोबांबद्दल...” काकांनी लगेच जोडून घेतलं.

ह्यातलं काहीच सोंग नव्हतं. खाटेवर पडल्या पडल्या काकांना खरंच भरून येत असे. ज्या माणसाच्या गळ्याखाली पाणी उतरत नाही त्याच्या पोटात लोक दुसऱ्या वाटेनं जेवण पोचवतात, ह्याहून मोठी प्लंबिंगची करामत त्यांनी पाहिली नव्हती. भीती वाटायची तेव्हा त्यांची प्रार्थना आणखी लांबायची, एवढंच. अंधारात चालणारा माणूस मोठ्यानं गातो, तसं काहीसं होतं ते. पण गाणं खरंच होतं.

घरी आले आणि बघतात तो घरातलं जेवणच नाहीसं झालेलं.

म्हणजे चूल पेटत होती, भांडी घासली जात होती, पण कुणी जेवताना दिसेना. पुढच्या खोलीतल्या जेवणाच्या टेबलावर औषधांच्या बाटल्यांनी मुक्काम ठोकला होता. लेक आणि जावई मदतीला म्हणून राहायला आले होते. त्यांनी आणि काकूंनी मिळून ठरवून टाकलं होतं की काकांच्या समोर घास घ्यायचा नाही. त्यांना बघवणार नाही. त्यामुळं धडधाकट माणसं स्वतःच्याच घरात चोरासारखी जेवत होती. लेक मागच्या दाराशी उभी राहून खायची. जावई भिंतीकडे तोंड करून चावायचा, आणि एवढ्या मोठ्या जबड्याला आवाज न करता चावायला लावणं म्हणजे व्हॅन ढकलत नेण्यासारखंच होतं. चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले तर त्यांनीसुद्धा चहाबरोबरचं बिस्कीट काकांनी डोळे उघडताच खिशात घातलं आणि अर्धा तास सांत्वन करून खिशात भुगा घेऊन गेले.

काकांना सगळं कळत होतं. गॅसची गळती आणि गटाराची गळती नुसत्या वासावर ओळखणारं नाक होतं ते. अमक्यानं आमलेट खाल्लं, तमक्यानं तळलेला मासा, हे ते पडल्या पडल्या सांगू शकले असते. न्हाणीघरातून उकडलेल्या अंड्याचा वास आला तेव्हा तर त्यांना हसू आवरेना. आतून जावयाचा खोकला येत होता. ठसका लागला होता, पण पाणी मागायची सोय नव्हती.

हसू यायचं, गलबलूनही यायचं. ही माणसं आपल्यासाठी न्हाणीघरात अंडी खातात, ह्याबद्दल त्यांनी देवाचे मनातल्या मनात उपकारही मानले. पण एक गोष्ट टोचत राहिली. ह्या घरात प्रार्थनेशिवाय जेवणं चालली होती. आणि त्यांच्या स्वतःच्या बाटलीच्या वेळी ते प्रार्थना करत, शेवटी आमेन म्हणत आणि कान देत. बाटली धरून उभ्या असलेल्या काकूंच्या बाजूनं काहीच येत नसे. मनात म्हणत असेल, असं काका समजून चालले. नियमाला धरून नव्हतं ते, पण आजारपणात थोडी सूट द्यावी.

मग ती नळी तुंबली.

चूक काकांचीच होती. गोळी नीट बारीक करायची आणि मागाहून कोमट पाणी सोडायचं, असं सिस्टरनं बजावलं होतं. काकांनी गोळी जाडीभरडी कुटली आणि पाणी सोडायचा कंटाळा केला. लाइन बंद पडली. आता प्लंबरच्या घरात लाइन तुंबली तर इस्पितळात जायचं म्हणजे नाक कापून घेण्यासारखंच. काकू मागच्या खोलीत होत्या. काकांनी मोठी सिरिंज पाण्यानं भरली, नळीला लावली आणि धंद्यातल्या अनुभवावर विसंबून दाब दिला. हलेना. मग त्यांनी सिरिंज टेबलाच्या कडेला टेकवली आणि दोन्ही हातांनी, अंगाच्या भारानं रेटली.

सांधा निसटला. आत साचलेलं सगळं दूध कारंज्यासारखं वर गेलं, छताला लागलं आणि छतावरून नुकत्याच आत शिरलेल्या जावयाच्या इस्त्रीच्या शर्टावर उतरलं.

इस्पितळात सिस्टरनं कोमट पाणी हळूच आत सोडलं, चिमटा लावला, दुसऱ्या पेशंटचं काम करून आली, थोडं मागे ओढलं, थोडं पुढे ढकललं. नळी मोकळी झाली. “काका, तुम्ही लोखंडी पाइपाचे मिस्त्री. हे पोट आहे. दाब देऊन आतलं फाटलं असतं म्हणजे?” काका मान खाली घालून बसले होते. इतकी बोलणी त्यांनी उमेदवारीत असतानाही खाल्ली नव्हती.

घरी आल्यावर काकू स्टुलावर चढल्या आणि ओल्या फडक्यानं छत पुसायला लागल्या. काका खुर्चीत बसून वर बघत होते. वातावरण जरा हलकं करावं म्हणून ते म्हणाले, “देवाचे उपकार बघ, गेल्या वर्षी छताला रंग द्यायचा राहूनच गेला. दिला असता तर वाया गेला असता.”

काकूंचा हात थांबला.

“अहो, पुरे करा!”

काकूंचा आवाज असा चढलेला काकांनी फारसा ऐकला नव्हता. त्या कमी बोलणाऱ्या. घरातलं बोलणं काका संपवून टाकत, त्यांच्या वाट्याला उरतच नसे.

“कसले उपकार? गळ्यात धोंड बसलीय, पोटाला भोक पाडलंय, घोटभर पाणी पिता येत नाही, आणि म्हणे छताला रंग दिला नव्हता ते बरं झालं! उद्या त्या गाठीबद्दलही उपकार मानाल. माना, खुशाल माना. माझ्या तोंडून आमेन येणार नाही.”

“अगं, पण...”

“येणार नाही म्हणजे नाही. इतके दिवस आलेलंच नाही.”

“एकदाही नाही?”

“नाही. खोटं कसं म्हणू? तुम्हाला कळत नाही, पण त्याला कळतं.” आणि त्यांनी फडक्यानं वर बोट दाखवलं.

तेव्हा काकांना त्यांची अंगठी दिसली. लग्नातली. अंगठीच्या आतल्या बाजूनं पांढरं काहीतरी गुंडाळलेलं होतं.

“बोटाला काय झालं?”

“काही नाही. तुमच्या पिशवीतली टेप आहे. अंगठी सैल झालीय. मोरीत गेली तर काढणार कोण? तुम्ही तर असे.”

नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती टेप. सैल सांधा घट्ट करायची. काकांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “उलटी गुंडाळलीयस,” आणि मग बोललेलं त्यांच्या स्वतःच्याच डोक्यात शिरलं. ही अंगठी काकूंच्या बोटातून साबण लावूनही निघत नसे. त्यांनी काकूंच्या मनगटाकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं. आपलं दुखणं, आपली नळी, आपली बाटली, ह्यांच्या गडबडीत त्यांनी कितीतरी दिवसांत बायकोकडे नीट बघितलंच नव्हतं. सगळ्यांच्या चोरट्या जेवणांचे वास त्यांना आले होते, लेकीचे आले, जावयाचे आले. काकूंच्या जेवणाचा वास एकदाही आला नव्हता.

“तू जेवत नाहीस.”

काकू स्टुलावरून उतरल्या. फडकं पिळत म्हणाल्या, “आमेनशिवाय घास नाही, असं ह्या घरात कोण म्हणतं? मी म्हणते का?”

“अगं, तो नियम टेबलावरचा! बाकीचे दोघं उभ्यानं खातायत की!”

“ती पोरं आहेत. त्यांना चालतं. मी इतकी वर्षं तुमच्यासमोर बसून आमेन म्हटलंय, ते काय रस्सा मिळावा म्हणून म्हटलं? आता म्हणवत नाही, तर मग जेवायचं कुठल्या तोंडानं?”

“मग जगतेस कशावर?”

“चहा-बिस्कीट. चहाला प्रार्थना लागत नाही, तुम्हीच ठरवलंय.”

एवढं बोलून त्या बादली घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले तेव्हा काकांनी त्यांना दार लावून घ्यायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. पाळकसाहेब चांगले होते, पण प्रवचनाच्या बाबतीत काकांचेच भाऊबंद.

“मी समजावू का त्यांना?” त्यांनी विचारलं.

“नको, साहेब. तुम्ही समजवायला बसलात की वेळ लागतो. तिच्या पोटात आधीच काही नाही.”

पाळकसाहेब हसले. मग म्हणाले, “नियम केला कुणी?”

“मीच.”

“तुम्हीच ना? मग मला काय विचारता? मोशेनं देवाकडून आणला असता तर मी थोडा अडून बसलो असतो.”

हे साहेबांना सांगायला सोपं होतं. काकांना मात्र तो नियम सोडवेना. उपकार ही गोष्ट एकट्यानं मानायची नसते, सगळ्यांच्या तोंडून निघाली म्हणजे घर एकत्र बसलंय असं त्यांना वाटे. आणि आत, आणखी खाली, एक दुसरीच गोष्ट होती. इतके दिवस आपण जोरजोरात उपकार मानत होतो तेव्हा शेजारी तीही मानतेय, ह्या भरवशावर आपला आवाज टिकून होता. आता कळलं की ती तिथं नव्हतीच. ती दुसऱ्याच खोलीत, उपाशी बसली होती. बायको अशी वाळत असताना आपण पावडरीच्या डब्याबद्दल देवाचे आभार मानत होतो, हे आठवलं की काकांना देवासमोर तोंड दाखवायची लाज वाटे. त्या आठवड्यात त्यांच्या प्रार्थना फार आखूड झाल्या. इतक्या की लेकीनं त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

रविवारी तिघंही उपासनेला गेली. काकांना गर्दीत जायची मनाई होती. ते उठले. एक हात नळीवर ठेवून त्यांनी औषधांच्या बाटल्या एकेक करून शिवणयंत्रावर नेऊन ठेवल्या. दमले, बसले, पुन्हा उठले. टेबल पुसलं. चादर पसरली, ती उलटी पसरली गेली, पण परत करायची ताकद नव्हती. ताटं मांडली. पाइप पकडायचा एक आकडा खिडकीच्या गजाला अडकवला आणि आपली बाटली तिथं टांगायची सोय केली.

तिघं घरात आली आणि दारातच थबकली.

“आज इथं जेवायचं,” काका म्हणाले. “माझ्यासमोर. सगळ्यांनी.”

“पप्पा, नको ना,” लेक म्हणाली. “तुम्हाला वास सहन होणार नाही.”

“वास मला रोज येतो. मंगळवारी तू मागच्या दारात आमलेट खाल्लंस. कांदा जरा करपला होता.”

लेक लाल झाली. जावई तिच्याकडे बघून हसायला लागला.

“आणि तुम्ही हसू नका, जावईबापू. न्हाणीघरात लोक आंघोळ करतात. अंडी सोलत नाहीत.”

“पप्पा, ते... एकच होतं.”

“दोन होती. दुसरं खाताना ठसका लागला.”

लेक आता पोट धरून हसत होती. काकू हसल्या नाहीत, पण निमूटपणे आत गेल्या आणि भात, रस्सा आणि पाव आणून मांडला. आपल्या जागेवर त्या बसल्या, पण ताट पालथंच ठेवलं. लेकीनं बाटली भरून गजाला टांगली. थेंब पडायला लागले.

काकांनी डोळे मिटले. जावयानं सवयीनं खुर्चीत सैल टेकून घेतलं. लांबचा प्रवास होता.

“देवबापा,” काका म्हणाले, आणि थांबले. मग त्यांचा आवाज आला तो जरा खरखरीत होता.

“देवबापा, आज आधी तक्रार आहे. मला चावायचं आहे. पोट भरतं रे, पण दात नुसते बसून आहेत. ह्या रश्श्याच्या वासानं मला रडू येतंय. आणि मला भीती वाटते. ती मी तुला कधी सांगितली नाही, बाकीचंच सांगत बसलो. दुसरं म्हणजे ह्या आजाराबद्दल तुझे उपकार मी एकदाही मानलेले नाहीत आणि मानणारही नाही. तूही त्याची वाट बघत नसशील. हिला तसं वाटलं, कारण मी हिच्याशी बोललोच नाही, नुसता तुझ्याशीच बोलत राहिलो. उपकार मानतो ते ह्या टेबलावरच्या माणसांबद्दल. ही आहेत म्हणून मी आहे. बाटली भरणारे हात तू दिलेस. ते हात आता वाळत चाललेत, त्यांचं काय ते तू बघ, आणि मलाही बघायला शिकव. आमेन.”

एवढंच. जावयानं एक डोळा उघडला. ही श्वासाची जागा की खरंच शेवट, त्याला कळेना.

“आमेन,” लेक म्हणाली. तिचा आवाज फुटला होता.

“आमेन,” जावई म्हणाला.

रश्श्यावरची वाफ हळूहळू कमी होत होती. काकू टेबलाच्या कडेकडे बघत होत्या. त्यांचे ओठ हलले, पुन्हा मिटले. एरवी काका ताठ बसून वाट बघत राहिले असते.

त्यांनी हात लांब केला आणि काकूंचं ताट सुलटं केलं.

“तू आधी खा,” ते म्हणाले.

“आमेन झालं नाही माझं.”

“नको होऊ दे. तो नियम माझा होता, देवाचा नव्हे. देव काय दारात उभा राहून तिकिटं तपासत नाही. तुला त्याचा राग आलाय ना? असू दे. रागावलेल्या माणसालाही भूक लागते, एवढं तर तो जाणतोच. आमेन यायचं तेव्हा येईल. नाही आलं तरी तू जेव. उपाशी राहून त्याच्याशी भांडू नकोस, दमशील.”

काकूंनी वर बघितलं. डोळे भरले होते, पण त्यात थोडी जरबही होती, एवढ्या वर्षांनी नियम मोडणाऱ्या माणसाकडे बघावं तशी.

“आधी घास, मग आमेन?”

“हो.”

“तुमच्या घरात?”

“आपल्या.”

काकूंनी पावाचा तुकडा तोडला. रश्श्यात बुडवला. तिघंही बघत होती. जावयाचा हात ताटाच्या कडेवर येऊन थांबला होता. पुढं जायची त्याची छाती नव्हती. काकूंनी तुकडा तोंडात घातला. चावला. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्या चावत होत्या. मग त्यांचं चावणं मंद झालं. त्यांनी कपाळाला आठी घातली.

“अय्या,” त्या म्हणाल्या. “रश्श्यात मीठच नाही!”

लेक ताटात बघायला लागली.

“अगं, मीठच नाहीये ह्यात! कालच्यात होतं का?”

लेकीनं जावयाकडे बघितलं. जावयानं छताकडे बघितलं.

“कालच्यातही नव्हतं, आई,” तो म्हणाला. “परवाच्यातही नव्हतं. पप्पा आजारी पडल्यापासून नाहीये.”

“मग बोलला का नाहीत?”

“आम्हाला वाटलं, पप्पांच्या पथ्याचा आहे.”

“त्यांच्या पथ्याचा? ते कुठं रस्सा खातायत?”

“ते माझ्या लक्षात नाही आलं,” जावई म्हणाला, आणि मान खाली घातली. एवढा धिप्पाड माणूस, आठवडेच्या आठवडे दाराआड उभा राहून अळणी रस्सा गिळत होता, सासूचं मन राखायला.

आधी हसायला लागले ते काका. हसू गळ्यातून नीट बाहेर येईना, तर ते पोटातूनच हलायला लागले, आणि नळी हलली, बाटली हलली, गजाचा आकडा खडखडला. लेकीनं धावत जाऊन बाटली धरली. “पप्पा, हळू! निसटेल!” आणि तीही हसत सुटली. काकूंनी पदर तोंडाला लावला. पदराआडून जो आवाज आला तो रडण्याचा की हसण्याचा, त्यांना स्वतःलाही सांगता आला नसता.

“मिठाशिवाय शिजवत होते मी,” त्या म्हणाल्या. “चाखलंच नाही ना कधी. चाखणार कशी?” आणि उठून त्या मीठ घेऊन आल्या. चिमूट घातली, ढवळलं, चाखलं, आणखी घातली. मग खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली आणि नीट बसल्या.

“कसा झालाय?” काकांनी विचारलं.

“आता बरा झालाय.”

“नुसतं बरा नको. नीट सांग.”

“आता ह्यातही प्रार्थनेसारखं सगळं सांगत बसू का?”

“बस ना. मला वेळ आहे.”

काकूंनी दुसरा घास घेतला आणि बोलायला लागल्या. बटाटा मऊ शिजलाय. मिरी जरा पुढं आलीय, पण बाधत नाही. पावाची कड कुरकुरीत आहे, आतून ओला आहे. आयुष्यात एवढं सलग त्या कधी बोलल्या नव्हत्या. काका डोळे अर्धे मिटून ऐकत होते आणि मध्येच विचारत होते, “तळाला लागलाय का थोडा?” “लागलाय की. खरपूस.” जावई कधीच दुसऱ्या पावावर गेला होता.

बऱ्याच वेळानं लेकीनं हळूच विचारलं, “आई, मग आमेन?”

“बघते,” काकू तोंडात घास असतानाच म्हणाल्या. “माझं नि त्याचं बोलणं व्हायचंय अजून. ह्यांच्याइतकं लांब नाही, पण व्हायचंय. आधी जेवते, मग बघते त्याच्याकडे.”

काकांची बाटली केव्हाच रिकामी झाली होती. कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यांच्या स्वतःच्याही नाही. बाटली संपली की एरवी ते पुन्हा डोळे मिटत. आज ते उघड्या डोळ्यांनी बायकोच्या बोटांकडे बघत होते. ती पावानं ताट पुसत होती.

“आणखी थोडा भात घे,” ते म्हणाले.

काकूंनी घेतला.